अभिप्राय फॉर्ममधले पर्याय आणि अहवालातली लेबलं: पहिल्यांदाच काम हाती आलेल्यांसाठी

तालुक्याच्या महाविद्यालयात विद्यार्थी अभिप्रायाचं काम बहुधा नव्यानं रुजू झालेल्या प्राध्यापकाच्या गळ्यात पडतं, नाहीतर ‘संगणक येतो’ म्हणून एखाद्या लिपिकाच्या. फॉर्म अर्ध्या तासात बनतो. घोळ दिसतो तो महिन्याभरानं, अहवाल काढायला बसल्यावर. एकाच पर्यायाचे आलेखात तीन तुकडे पडलेले असतात, एखाद्या विषयाची सरासरी विनाकारण खाली आलेली असते, आणि प्रश्न एवढा लांब की आलेखाखाली त्याची पहिली चार अक्षरंच मावतात. हे सगळं फॉर्म उघडण्याआधी टाळता येतं. नंतर फक्त ठिगळं लावता येतात.

एका पर्यायाची तीन रूपं

विद्यार्थ्याला दिसतो तो मजकूर: ‘खूप चांगले’. गणिताला लागतो तो कोड: ५. आणि अहवालात प्रश्नाच्या जागी जे छापलं जातं ते लेबल: ‘समजावून सांगणं’. मजकूर विद्यार्थ्यासाठी असतो, कोड यंत्रासाठी आणि लेबल प्राचार्य व समितीसाठी. नवीन माणूस या तिन्हींचं काम एकाच शब्दाकडून करून घेतो आणि तिथंच फसतो.

म्हणून संगणकाला हात लावण्याआधी एक तक्ता करा. वहीत केला तरी चालेल. त्यात सहा रकाने: प्रश्न क्रमांक, फॉर्मवरचा पूर्ण प्रश्न, पर्यायाचा मजकूर, कोड, हा पर्याय सरासरीत धरायचा की नाही, आणि अहवालातलं लेबल. पुढचं सगळं काम या तक्त्यावरून चालतं. पुढच्या वर्षी तुमची बदली झाली, तरी नव्या माणसाच्या हातात हाच तक्ता द्यायचा.

(या लेखात कोड देवनागरी अंकांत छापले आहेत. पडद्यावर टाकताना इंग्रजी अंकच टाका. देवनागरी ५ बहुतेक ठिकाणी संख्या न धरता मजकूर धरला जातो आणि मग बेरीजच होत नाही.)

बोट लावल्यावर नेमकं काय साठतं?

हे कळलं की बाकीचे निम्मे नियम आपोआप कळतात. विद्यार्थ्यानं पर्याय निवडला की प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळी गोष्ट लिहून ठेवतं.

गूगल फॉर्म पर्यायाचा मजकूर जसाच्या तसा शीटमध्ये उतरवतो. त्यामुळे ४० उत्तरं आल्यावर तुम्ही ‘चांगले’चं ‘चांगलं’ केलंत, तर आधीची उत्तरं ‘चांगले’च राहतात, नंतरची ‘चांगलं’ म्हणून येतात आणि आलेखात दोन वेगळे गट पडतात. एका मात्रेचा फरक, पण मोजणारं यंत्र आहे.

मूडल या ऑनलाइन वर्ग चालवायच्या सॉफ्टवेअरमधलं अभिप्राय साधन पर्यायाचा क्रम साठवतं: पहिला, दुसरा, तिसरा. तिथं शुद्धलेखन नंतर सुधारलं तरी बिघडत नाही. पण उत्तरं आल्यावर यादीच्या वर एक नवा पर्याय घुसवलात, तर जुनी उत्तरं मुकाट्यानं एक घर सरकतात. आधी पहिला असलेला ‘खूप चांगले’ आता दुसरा झाला, पण साठवलेला आकडा १ च आहे आणि तो आता नव्या पर्यायाकडे बोट दाखवतो. लाल अक्षरात काही येत नाही, अहवाल छान छापून निघतो आणि पूर्ण चुकीचा असतो. सगळ्यांत वाईट प्रकार हाच.

लाइमसर्व्हे हे सर्वेक्षणाचं सॉफ्टवेअर तुम्ही दिलेला कोड साठवतं. पर्यायाचा कोड जास्तीत जास्त पाच अक्षरांचा, रोमन अक्षरं आणि अंक यांचाच. मजकूर पाहिजे तेव्हा सुधारा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही ठेवा, कोड एकच राहतो. कोडाला मात्र हात लावायचा नाही.

तुमच्याकडे चौथंच काही असेल, विद्यापीठानं दिलेलं किंवा संस्थेनं विकत घेतलेलं, तर विचारत बसण्यापेक्षा करून पाहा. दोन पर्यायांचा एक प्रश्न, एक चाचणी उत्तर, मग पर्यायाचा मजकूर बदला, क्रम उलटा करा, पुन्हा एक उत्तर भरा आणि फाइल उतरवून बघा. दहा मिनिटांत उत्तर मिळतं.

पर्यायांचे शब्द

इथं घाई करू नका. पाच पायऱ्यांची मोजपट्टी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्टनं १९३२ साली मांडली. तिचं मराठी करताना मात्र आपण शासकीय शब्दकोश उघडतो आणि ‘असमाधानकारक’, ‘तटस्थ’, ‘उत्तम’, ‘अत्युत्तम’ असं काहीतरी लिहून मोकळे होतो. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ‘तटस्थ’पाशी अडतो. ज्याच्या घरी कोरकू, गोंडी किंवा बंजारा बोली आहे, तो ‘असमाधानकारक’पाशी. अडलेला विद्यार्थी थांबत नाही, तो सगळीकडे पहिलाच पर्याय दाबत सुटतो.

काही शब्द तर सरळ धोक्याचे आहेत.

‘सरासरी’ हा पर्याय कधीच ठेवू नका. अहवालात ‘सरासरी ४.१’ असंही येतं आणि ‘सरासरी: १२ विद्यार्थी’ असंही. समितीतला माणूस हमखास गोंधळतो. ‘मध्यम’ घाईत ‘माध्यम’ वाचला जातो. ‘बरे’ आणि ‘ठीक’ यांतलं वरचं कोणतं, यावर वऱ्हाडात एका बाकावरच्या दोघांचं एकमत होणार नाही. कुणी ‘बरं हाय’ म्हणतो तेव्हा तो खूश असतो, तर कुणी वेळ मारून नेत असतो.

शब्द पारखायची सोपी रीत: पाच पर्याय पाच चिठ्ठ्यांवर लिहा, वेगवेगळ्या वर्गांतल्या पाच-सहा विद्यार्थ्यांना एकेकट्यानं बोलवा आणि चिठ्ठ्या चढत्या क्रमानं लावायला सांगा. दोघांनी जरी दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल केली, तरी ते शब्द बदला.

दर्जासाठी हे चालतात: खूप चांगले, चांगले, साधारण, वाईट, खूप वाईट. वारंवारितेसाठी: नेहमी, बहुतेक वेळा, कधी कधी, क्वचित, कधीच नाही. सहमत-असहमतची मोजपट्टी शक्यतो टाळलेली बरी. समोर सर उभे असताना ‘असहमत’ दाबायला विद्यार्थी बिचकतो, पण ‘कधी कधी’ दाबायला त्याला जड जात नाही. ‘शिक्षक वेळेवर वर्ग घेतात, सहमत आहात का?’ याऐवजी ‘वर्ग वेळेवर सुरू होतो का?’ विचारा आणि वारंवारितेचे पर्याय द्या.

गूगल फॉर्ममधली रेखीय मोजपट्टी सोपी दिसते, कारण थेट आकडा मिळतो. पण तिथं मजकूर फक्त दोन टोकांना लिहिता येतो, मधले आकडे मुके राहतात. आणि ‘पहिला नंबर’ म्हणजे सगळ्यात चांगला, हे आपल्याकडे पहिलीपासून डोक्यात बसलेलं असतं. शिक्षक आवडतात म्हणून १ दाबणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात निघतात. म्हणून शब्दांचे पर्याय द्या आणि आकडा मागून लावा.

ग्रिडचंही तेच. दहा प्रश्न एका चौकटीत बसवले की संगणकावर फॉर्म आटोपशीर दिसतो. पण भरणारा मोबाइलवर आहे. पाच रकाने छोट्या पडद्यावर मावत नाहीत, बाजूला सरकवावं लागतं, आणि न सरकवणाऱ्याला शेवटचे पर्याय दिसतच नाहीत. सुटे प्रश्न ठेवा. फॉर्म लांब झाला तरी चालेल.

पर्यायांचा क्रम सगळ्या प्रश्नांत एकच ठेवा आणि पर्याय आपोआप उलटसुलट करणारी सोय बंद ठेवा. चेकबॉक्सच्या, म्हणजे एकाहून जास्त निवडता येणाऱ्या, पर्यायात स्वल्पविराम नको. गूगल शीट एका विद्यार्थ्याची सगळी निवड स्वल्पविरामानं जोडून एकाच सेलमध्ये टाकते, मग ‘ग्रंथालय, वाचनकक्ष’ हा एक पर्याय होता की दोन, हे वेगळं करता येत नाही.

मराठीची स्वतःची दुखणी

जुन्या प्रश्नावल्या पुष्कळदा कृतिदेव किंवा तसल्याच जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. तिथून उचलून फॉर्ममध्ये चिकटवलं की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाँट बदलून ती सुटत नाही. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करा किंवा सरळ पुन्हा टाइप करा.

‘बऱ्याच वेळा’सारखा शब्द पर्यायात नको. यातला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्याला दोन्ही सारखेच, यंत्राला वेगळे. फॉर्म एकानं केला आणि मजकुरासमोर कोड लिहिलेलं कोष्टक दुसऱ्यानं दुसऱ्या कळफलकावरून टाइप केलं, की जुळणी बसत नाही आणि का बसत नाही ते दिसतही नाही. ‘बहुतेक वेळा’ लिहा, प्रश्न मिटला. तसंही पर्याय पुन्हा टाइप करू नयेत, फॉर्ममधून उचलून कोष्टकात चिकटवावेत.

उतरवलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) एक्सेलमध्ये थेट दोनदा टिचकी मारून उघडली की मराठीचा चुराडा होऊ शकतो. डेटा टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या आणि फाइलचं मूळ म्हणून ६५००१ यूनिकोड यूटीएफ-८ निवडा.

कोड, आणि ‘लागू नाही’चा खड्डा

सगळ्यात चांगल्या पर्यायाला ५, सगळ्यात वाईटाला १, आणि सगळ्या प्रश्नांना हीच दिशा. उलटा प्रश्न, म्हणजे ‘वर्ग बुडतात का?’ यासारखा, ठेवूच नका. मागच्या वर्षापासून चालत आलेला आणि काढता येत नसलेला असेल, तर ‘नेहमी’ला १ आणि ‘कधीच नाही’ला ५ असे कोड द्या आणि तक्त्यात लाल शाईनं लिहून ठेवा.

आता खड्डा. समजा प्रात्यक्षिकांबद्दलचा प्रश्न ४० जणांनी भरला. त्यातल्या १० जणांच्या विषयाला प्रात्यक्षिकच नाही, त्यांनी ‘लागू नाही’ दाबलं. उरलेल्या ३० पैकी १२ जणांनी ५, १० जणांनी ४, ५ जणांनी ३, दोघांनी २ आणि एकानं १ दिला. बेरीज १२०. तिला ३० नं भागलं की ४.०० येतात. हे खरं उत्तर.

‘लागू नाही’ला ० दिलात तर त्याच १२० ला ४० नं भागलं जातं आणि ३.०० येतात. प्रयोगशाळा सहायकाला विनाकारण जाब विचारला जातो. ‘लागू नाही’ला ६ दिलात तर बेरीज १८० होते, सरासरी ४.५०, आणि सगळे खूश. ९ दिलात तर ५.२५ येतात. त्यातल्या त्यात ९ बरा, कारण ५ च्या वरचा आकडा कुणाच्याही डोळ्यात भरतो. बरोबर उपाय एकच: ‘लागू नाही’ला आकडाच द्यायचा नाही.

‘सांगता येत नाही’चंही तसंच. तो मधला पर्याय नाही. ‘साधारण’ म्हणजे विद्यार्थ्याला मत आहे आणि ते मधलं आहे. ‘सांगता येत नाही’ म्हणजे त्याला मतच नाही. पहिल्याला ३, दुसऱ्याला आकडा नाही.

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणात मोजपट्टी ४ ते ० आहे. तिथला ० हा खराखुरा सगळ्यात खालचा पर्याय आहे. अभ्यासक्रम किती शिकवला या पहिल्या प्रश्नात ८५ ते १०० टक्क्यांना ४ आणि ३० टक्क्यांच्या खाली ०. महाविद्यालयाचा स्वतःचा फॉर्म १ ते ५ चा असेल, तर दोन्हींच्या सरासऱ्या एका तक्त्यात शेजारी ठेवू नका. ठेवायच्याच असतील तर नॅकच्या आकड्यात १ मिळवा. टक्केवारी काढायची हौस असेल तर आणखी जपून. १ ते ५ मध्ये सगळ्यांनी ‘साधारण’ दिलं तर ३ भागिले ५ म्हणजे ६० टक्के होतात, ० ते ४ मध्ये तेच उत्तर २ भागिले ४, म्हणजे ५० टक्के. मत तेच, टक्के दहानं वाढले. १ ते ५ साठी आधी सरासरीतून १ वजा करा, मग ४ नं भागा.

गूगल शीटमध्ये कोड लावायची रीत

१. फॉर्मची उत्तरं ज्या शीटमध्ये येतात तिथं काहीही खोडू नका, लिहू नका. शेजारी ‘कोष्टक’ आणि ‘गणित’ अशा दोन नव्या शीट घ्या.

२. ‘कोष्टक’च्या पहिल्या रकान्यात पर्यायांचा मजकूर, दुसऱ्यात कोड. मराठी आणि इंग्रजी असे दोन फॉर्म चालवत असाल तर दोन्ही भाषांचे पर्याय एकाखाली एक ठेवा, कोड तेच. उलट्या प्रश्नासाठी वेगळं कोष्टक.

३. ‘लागू नाही’समोर सेल रिकामा सोडू नका, ‘ला.ना.’ असं अक्षरात लिहा. रिकामा सेल शोधून आणला तर एक्सेल तिथं ० दाखवतं, आणि आपण पुन्हा त्याच खड्ड्यात. रकान्याची सरासरी काढताना अक्षरं मात्र आपोआप वगळली जातात.

४. ‘गणित’ शीटमध्ये व्हीलुकअप (VLOOKUP) सूत्र लावा, ते उत्तराचा मजकूर कोष्टकात शोधून त्याचा कोड आणतं. पहिल्या जागी उत्तराचा सेल, दुसऱ्या जागी कोष्टकाचे दोन रकाने डॉलरचं चिन्ह लावून पक्के केलेले, तिसऱ्या जागी २, चौथ्या जागी फॉल्स (FALSE). चौथी जागा मोकळी सोडली तर सूत्र जवळपासचं काहीतरी उचलून आणतं, आणि आकडा दिसतो म्हणून कुणी तपासत नाही. उत्तराच्या सेलला ट्रिम (TRIM) सूत्रानं गुंडाळलं तर मागेपुढे राहिलेली मोकळी जागा निघून जाते.

५. कुठं सापडत नसल्याची त्रुटी दिसली, तर ती इफएरर (IFERROR) सूत्र लावून झाकू नका. कोष्टकात नसलेला मजकूर आला आहे, एवढंच ती सांगते. तो शोधा, कोष्टकात टाका. प्रश्न अनिवार्य नसेल तर न भरलेले सेलही अशीच त्रुटी दाखवतात, तेवढ्यांसाठी ‘उत्तर रिकामं तर रिकामं’ अशी अट इफ (IF) सूत्रानं वेगळी लावा.

६. शेवटी प्रत्येक प्रश्नाखाली काउंट (COUNT) सूत्रानं किती आकडे आले ते मोजा. आकडे, ‘ला.ना.’ आणि रिकामे मिळून एकूण उत्तरांइतके भरले पाहिजेत. नाही भरले तर अहवाल छापू नका.

मूडलमध्ये हे सूत्र लागत नाही. प्रश्नप्रकार ‘गुणांकित बहुपर्यायी’ घ्या आणि प्रत्येक ओळीवर आधी आकडा, मग तिरकी रेघ, मग मजकूर लिहा: ५/खूप चांगले. तिथं ‘लागू नाही’ गुणांकित यादीत बसवू नका, कारण तिथं आकडा द्यावाच लागतो. प्रश्न अनिवार्य न करता सोडून देऊ द्या आणि रिकामी उत्तरं विश्लेषणात न धरण्याचा पर्याय चालू करा.

लाइमसर्व्हेत एकदा केलेला पर्यायांचा संच लेबलसंच म्हणून जपून ठेवता येतो आणि प्रत्येक प्रश्नात ओढून घेता येतो. एवढंच लक्षात असू द्या की ती नक्कल असते. मूळ संच नंतर सुधारला तरी आधी ओढलेल्या प्रश्नांत बदल पोचत नाही.

अहवालातली लेबलं

फॉर्मवर प्रश्न असतो: ‘शिक्षक अवघड भाग समजेल अशा भाषेत आणि उदाहरणं देऊन समजावून सांगतात का?’ आलेखाखाली हे मावणार नाही. लेबल दोन ते चार शब्दांचं, पंचवीसेक अक्षरांत बसणारं हवं. आणि त्यात विषय यावा, निकाल येऊ नये. ‘वर्गाची वेळ’ हे लेबल झालं. ‘शिक्षकांचा वक्तशीरपणा उत्तम’ ही जाहिरात झाली, त्यापुढे २.८ छापून आलं की हसू होतं.

मूडलमध्ये प्रत्येक प्रश्नाला लेबलाची वेगळी जागा असते, ती कोरी सोडू नका. लाइमसर्व्हेत फाइल उतरवताना मथळ्यात प्रश्नाचा कोड हवा, संक्षिप्त प्रश्न हवा की पूर्ण प्रश्न, ते निवडता येतं. गूगलमध्ये अशी सोय नाही, तिथं ‘गणित’ शीटच्या पहिल्या ओळीत आपल्या हातानं लेबलं लिहायची.

सत्राचं लेबल ‘२०२४-१’ असं लिहिलंत तर शीट त्याची तारीख करून टाकते. ‘१-५’ची पण. आपल्या विद्यापीठांत हिवाळी आणि उन्हाळी परीक्षा असतातच, तर ‘हि२४’, ‘उ२५’ लिहा. शीटचं नावही बेताचंच ठेवा. एक्सेलमध्ये ते ३१ अक्षरांपुढे जात नाही आणि तिरकी रेघ चालत नाही.

विषयाचं नाव विद्यार्थ्याला टाइप करायला लावू नका. ‘आवश्यक मराठी’, ‘मराठी अनि.’, ‘मराठी कंपल्सरी’, नुसतं ‘मराठी’: एका विषयाचे आठ विषय होतात. ड्रॉपडाउन द्या. संस्थेचं एक महाविद्यालय वणीला आणि दुसरं वरोऱ्याला असेल तर आणखी एक गंमत. वर्धा नदीच्या अलीकडचं वणीचं अमरावती विद्यापीठात, पलीकडचं वरोऱ्याचं गोंडवाना विद्यापीठात. अभ्यासक्रम वेगळे, विषयांची नावंही जुळतील असं नाही. दोन्हींचा एकत्र अहवाल काढायचा असेल तर प्रत्येक विषयाला संस्थेचं स्वतःचं एक सामाईक लेबल ठरवा आणि दोन्हीकडची नावं कोष्टकात त्याच्याशी जोडा.

शिक्षकाचं नाव संकेतस्थळावर टाकायच्या अहवालात नको, तिथं क्रमांक पुरे. नाव असलेली प्रत त्या शिक्षकाला आणि प्राचार्यांना. एम.ए.च्या वर्गात चारच जण असतील तर त्या वर्गाचा वेगळा आलेख काढूच नका. कुणी काय लिहिलं ते गावात संध्याकाळपर्यंत कळतं.

फॉर्म चालू असताना चूक सापडली तर

गूगलमध्ये पर्यायातली शुद्धलेखनाची चूक तशीच राहू द्या, अहवाल काढताना कोष्टकात दुरुस्त करा. ती आधीच सुधारून बसला असाल तर दोन्ही रूपं कोष्टकात टाका, कोड एकच. पर्यायच विसरला असेल तर तो यादीत योग्य जागी घाला, गूगलला क्रमाशी देणंघेणं नाही. मात्र त्याआधी भरलेल्यांना तो पर्याय दिसलाच नव्हता हे अहवालाच्या तळटीपेत लिहा. मूडलमध्ये नवा पर्याय फक्त शेवटी जोडा. तो शेवटी शोभत नसेल तर जुना फॉर्म बंद करून नवा उघडा. प्रश्न खोडून पुन्हा लिहू नका. गूगल शीटमध्ये जुना रकाना तसाच राहतो, नवा टोकाला जाऊन बसतो आणि एका प्रश्नाची उत्तरं दोन ठिकाणी विखुरतात.

पुढच्या सत्रासाठी फॉर्मची प्रत काढा, शीटची नको. फॉर्म जोडलेल्या शीटची प्रत काढली तर ड्राइव्हमध्ये फॉर्मचीही दुसरी प्रत तयार होते, आणि मग वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर कोणती लिंक गेली याचा शोध घेत बसावं लागतं.

वर्गात भरून घेताना

पोळा झाल्यावर आणि सोयाबीनची सवंगणी सुरू होण्याआधी उरकून घ्या. त्यानंतर अर्धा वर्ग वावरात असतो आणि वर्गात उरलेल्यांचं मत सगळ्यांचं म्हणून छापलं जातं. लिंक घरी पाठवण्यापेक्षा एका तासिकेत, संगणक कक्षात किंवा रेंज येते त्या बाजूच्या वर्गात बसवून भरून घ्या. तो तास ज्या शिक्षकाचा आहे त्यानं मात्र बाहेर थांबावं.

मोबाइल नसलेल्यांसाठी कागदी फॉर्म ठेवा. त्यावर पर्यायाचा मजकूर तोच, अगदी मात्रेसकट. कागदी उत्तरं थेट शीटमध्ये टाइप न करता त्याच ऑनलाइन फॉर्ममधून भरा, म्हणजे मजकुराची जुळणी बिघडत नाही. भरून झालेल्या कागदावर कोपऱ्यात बरोबरची खूण करा, नाहीतर टेबलावरचा चहा सांडून गठ्ठा हलला की कोणता भरला आणि कोणता राहिला ते कळत नाही.